पट्टा शिवायचा, डागायचा नाही

काल रात्री टी-३४ या सोव्हिएत रणगाड्याच्या मॉडेलचा, चाकांभोवती फिरणारा डावा पट्टा शिवून झाला. हो, शिवूनच. बारीक सुई, काळा पॉलिस्टर दोरा आणि भरपूर उजेड, एवढंच लागतं.

१/३५ मापाच्या जुन्या किटमध्ये पट्टे मऊ व्हिनाइलचे, अखंड येतात. एका टोकाला खुंट्या, दुसऱ्या टोकाला तितकीच भोकं. खुंट्या भोकांतून ओढून घ्यायच्या आणि तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरने त्यांची डोकी चेपायची, असं सूचनापत्रक सांगतं. मी कितीतरी वर्षं तेच केलं. पण टोक जरा जास्त तापलं की खुंटी भोकासकट वितळते, कमी तापलं तर नुसती चपटी होते, धरत नाही. शिवाय व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, त्याचा धूर छातीत जायला नको.

साधं प्लास्टिक सिमेंट, म्हणजे मॉडेल जोडायचा नेहमीचा गोंद, इथे चालत नाही. ते पॉलिस्टायरिन, म्हणजे किटचं नेहमीचं कडक प्लास्टिक, विरघळवून जोडतं, या व्हिनाइलला ते धरतच नाही. हल्लीच्या बऱ्याच किटमधले लवचिक पट्टे मात्र सिमेंटने छान चिकटतात, कारण त्यांचं प्लास्टिकच वेगळं असतं. म्हणून आधी पट्ट्याच्या आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या कोपऱ्यात एक थेंब लावून बघावा. सुपरग्लू चिकटतो खरा, पण सुकल्यावर कडक होतो आणि पट्टा मऊच राहतो. सांधा चाकावरून वळला की तडकलाच.

शिवताना टी-३४ला एक गोष्ट सांभाळावी लागते. त्याच्या पट्ट्यात एका बाजूला ७२ कड्या. एक दात असलेली, एक सपाट, पुन्हा दाताची, असा क्रम. टोकं एकमेकांवर ठेवताना हा क्रम चुकला की दोन दात शेजारी येतात आणि ते लगेच डोळ्यांत खुपतं. खरा पट्टा ५०० मिलिमीटर रुंद, म्हणजे मॉडेलवर जेमतेम १४. तेवढ्या जागेत मी चार टाके घालतो, दोन्ही कडांना दोन-दोन. गाठ आतल्या बाजूला, दाताच्या बुडाशी. सुपरग्लूचा थेंब फक्त गाठीवर, तोही टाचणीच्या टोकाने. जास्त झाला तर दोरा तो शोषून घेतो आणि सगळा सांधा ताठ होतो.

सांधा खालच्या सरळ भागात, मधल्या चाकाखाली आणायचा. तिथे पट्टा वळत नाही आणि टाके जमिनीकडे लपतात.

शिवण्याआधी लांबी नक्की बघा. माझ्या पहिल्या टी-३४चा पट्टा आखूड होता आणि मी तो ताणूनच बसवला. व्हिनाइलची ओढ थांबत नाही. आठवड्याभरात पुढचं आयडलर, म्हणजे पट्टा ताणून धरणारं चाक, आत झुकलं आणि एका सकाळी आसापासून तुटून पडलेलं दिसलं. फार वाईट वाटलं, रंगकाम पूर्ण झालेलं होतं. आता पट्टा आधी गरम पाण्यात मऊ करून हलक्या हाताने ओढून घेतो.

उलट, टी-३४चा पट्टा सैलच हवा. वरच्या बाजूला वेगळे रोलर नाहीत, पट्टा थेट मोठ्या चाकांवर टेकतो आणि मधे झोळ पडतो. मॉडेलवर तो झोळ आपण आणायचा: चाकांच्या माथ्यावर सुपरग्लूचे थेंब, आणि सुकेपर्यंत मडगार्ड व पट्ट्याच्या मधे कापसाचा बोळा. शर्मन या अमेरिकन रणगाड्याला हा खटाटोप नको. त्याच्या कड्यांच्या पिना रबरात बसवलेल्या असतात, पट्टा ताणलेला राहतो, त्यामुळे व्हिनाइल त्याला आपोआप शोभतं.

उजवा पट्टा आत्ता साबणाच्या कोमट पाण्यात पडलाय. साच्यातलं तेल निघाल्याशिवाय प्रायमर धरत नाही. रंग अॅक्रिलिकच देणार, इनॅमल व्हिनाइलवर कधी कधी दिवसेंदिवस चिकट राहतो. पट्टा वाळला की रात्री शिवायला घेईन.