पायाखाली मोटर नसलेलं इंजिन : आमची वाटचाल

सांगलीच्या गावभागात, घराच्या मागच्या पडवीत आमचं वर्कशॉप आहे. बटाल्याचा साडेचार फुटी लेथ, पिलर ड्रिल, बेंच ग्राइंडर, सरफेस प्लेट आणि खिडकीखाली व्हाइस. २००३ पासून इथं आम्ही लहान इंजिनं बनवतो. बहुतेक पेट्रोलवर आणि काही वाफेवर, स्वतःच्या ताकदीवर चालणारी. आमचं कुठलंही इंजिन उलटं करून पाहा, खाली चार बोल्ट आणि रंग एवढंच दिसेल. हे एवढं बजावून का सांगावं लागतं, ते पुढे येईलच.

इकडच्या माणसाला विहिरीवरचं इंजिन समजावून सांगायला नको. वीज शेतापर्यंत पोचायच्या आधी उसाला पाणी दिलं ते किर्लोस्करनं, कूपरनं आणि राजकोटहून आलेल्या लिस्टर जातीच्या इंजिनांनी. लिस्टर मूळचं इंग्लंडातल्या डर्स्ली गावचं, १९२९ सालचं. सहा हॉर्सपॉवर, ६५० आरपीएम, साडेचार इंची बोअर (सिलेंडरचा आतला व्यास), साडेपाच इंची स्ट्रोक (पिस्टनची धाव), दोन्ही बाजूंना दोन भारी फ्लायव्हील. माझं लहानपण त्या आवाजात गेलं आणि पुढे आयटीआय टर्नर म्हणून इंजिन कारखान्यात नोकरीही केली. ती सुटल्यावर ठरवलं की हेच इंजिन चौथ्या हिश्शाचं करायचं. बोअर २८.५ मि.मी., स्ट्रोक ३५, फ्लायव्हील १५०.

पहिला प्रश्न सगळे विचारतात तो असा, की मूळ इंजिन डिझेलचं, मग तुमचं पेट्रोलवर का? माप चौथं केलं की आकारमान चौसष्टावा हिस्सा होतं. मोठ्या इंजिनात दर वेळी साठ-सत्तर घन मिलिमीटर डिझेल फवारलं जातं, इथं ते एक घन मिलिमीटरच्या आसपास येतं. एवढंसं डिझेल दर वेळी सारखं मोजून देणारा पंप घरच्या लेथवर होत नाही. शिवाय लहान सिलेंडरमध्ये हवेच्या मानानं भिंत चौपट होते, कॉम्प्रेशनची उष्णता भिंतच पिऊन टाकते आणि डिझेल पेटत नाही. म्हणून बाहेरून लिस्टर आणि आत स्पार्क प्लग. कोणी या मापात 'डिझेल मॉडेल' देतो म्हणालं, तर ते समोर चालवून दाखवायला सांगा आणि पाया उलटा करून बघा.

या कामात आमचे खरे भागीदार मिस्त्रीमामा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हयात गेलेला पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने करणारा माणूस. कागदावर भागीदारी कधी झाली नाही, पण आमचा प्रत्येक पॅटर्न त्यांच्या हातचा आहे. जुनं सागवान, तेही घरं पाडताना निघालेलं, कारण ते पुन्हा वाकत नाही. बिडाला (कास्ट आयर्नला) मीटरमागे दहा मिलिमीटर आकसण धरायची, बाजूंना उतार द्यायचा, हे सगळ्यांना माहीत असतं. मामांचं लक्ष कोपऱ्यांवर. मी ड्रॉइंगमध्ये पायाचा आतला कोपरा काटकोनात काढला होता. त्यांनी बोट ठेवलं. "आरं, हितं गोल कर. रस वळताना त्याला कोपरा आवडत न्हाई, तितंच तडा देतो." मग तिथं मेण आणि चामड्याची पट्टी लावून त्यांनी तो गोल केला. त्या कोपऱ्यात आजवर एकही कास्टिंग तडकलेलं नाही.

मामांमुळेच शिरोलीच्या फाउंड्रीत आमचं काम घेतलं गेलं. मोठ्या फाउंड्रीला अशी चिल्लर ओतणी नको असते. घेतली तरी लॅडलच्या (वितळलेलं बीड ओतायच्या भांड्याच्या) तळाशी उरलेला, गार झालेला रस आपल्या वाळूच्या साच्याच्या बॉक्समध्ये येतो. पातळ रिमचं फ्लायव्हील त्यात चिल होतं, वरचं कातडं काचेसारखं कडक. एचएसएस (हायस्पीड स्टील) टूलची धार पहिल्याच फेऱ्यात जाते आणि कार्बाइडची टिप उडते. मामा पहाटे भट्टीपाशी जाऊन उभे राहायचे आणि आमचे बॉक्स लॅडल भरली की आधी ओतून घ्यायचे. नवीन कोणी या धंद्यात येणार असेल तर माझं सांगणं आहे, फाउंड्रीवाल्याशी भावावरून घासाघीस करू नका. त्यापेक्षा आपला बॉक्स रांगेत कितवा, हे ठरवून घ्या.

बाकी कामं लेथवर. क्रँकशाफ्ट आम्ही अखंड बारमधून काढतो. बाजारातली चकचकीत ब्राइट बार घेऊ नका. तिच्या कातड्यात ताण कोंडलेला असतो, एका बाजूनं माल काढला की ती केळ्यासारखी वाकते. काळी बार घ्या, नॉर्मलाइज करा, ऑफसेट सेंटर काढा आणि क्रँकपिन टर्न करून झाली की दोन वेबच्या (क्रँकपिनच्या दोन्ही बाजूंच्या पाटांच्या) मधल्या फटीत नेमका बसणारा ठोकळा घालून मगच मेन जर्नलला (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाला) हात लावा. फ्लायव्हील चार जॉच्या चकमध्ये धरताना डायल गेज रिमच्या आतल्या बाजूला लावा. बाहेरची बाजू आपण टर्न करणारच असतो, आतली ओतलेली तशीच राहते. ती हेलकावत फिरली तर बघणाऱ्याच्या डोळ्याला तेच आधी दिसतं.

पिस्टन रिंग आम्ही विकत घेत नाही. बारीक दाण्याच्या बिडाची नळी बोअरच्या मापाला आणून तिच्यातून रिंगा कापायच्या, एकेक रिंग एका ठिकाणी फोडायची, फटीत पट्टी घालून ती उघडी ठेवायची आणि मंद लाल होईपर्यंत तापवून हळू थंड करायची. मग ती उघडीच राहते आणि बोअरमध्ये गेल्यावर सगळीकडे सारखी दाबते. व्हॉल्व्हची सीट अर्ध्या मिलिमीटरपेक्षा रुंद ठेवू नये. लॅपिंग (पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर घासणं) झाल्यावर पोर्टमध्ये रॉकेल ओतून थांबायचं. खाली एक थेंबही दिसला तरी व्हॉल्व्ह पुन्हा लॅप करायचा. एवढं झाल्यावर इंजिन चालतं. कॉम्प्रेशन असेल तर ते चालायलाच हवं.

२००६ ते २०११ ही वर्षं चांगली गेली. इंजिनीअरिंग कॉलेजं, पॉलिटेक्निकं, आयटीआय यांच्या ऑर्डरी होत्या आणि पैसे उशिरा का होईना येत होते. मिलिंगसाठी एमवनटीआर नावाचं जुनं मिलिंग मशीन घेतलं. त्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं नाही.

२०११ साली पुण्याचे एक व्यापारी आमच्याकडे आले. लॅबचं सामान पुरवणारे, ओळखी मोठ्या, बोलणं गोड. राज्यभर तुमचं इंजिन पोचवतो म्हणाले. कॅटलॉगसाठी म्हणून एक पूर्ण इंजिन, एक कच्च्या कास्टिंगचा सेट आणि ड्रॉइंगचा गठ्ठा घेऊन गेले. पहिल्या वर्षी थोड्या ऑर्डरी दिल्या. दुसऱ्या वर्षी फोन उचलणं बंद. तिसऱ्या वर्षी एका कॉलेजच्या टेंडरमध्ये त्यांचं स्वतःचं 'लिस्टर टाइप वर्किंग मॉडेल' समोर आलं, आमच्या निम्म्याहून कमी भावात.

मी ते टेबलावर पाहिलं आणि लगेच ओळखलं. पायाच्या आतल्या कोपऱ्याला मामांचा तोच गोलावा होता. खिशातून व्हर्नियर काढलं. आमचा पाया २०० मि.मी. लांब, त्यांचा भरला एकशे साडेसत्त्याण्णव. आमचंच कास्टिंग पॅटर्न म्हणून वाळूत दाबून ॲल्युमिनियममध्ये ओतलेलं होतं. ॲल्युमिनियम मीटरमागे तेरा मिलिमीटर आकसतं, म्हणजे दोनशेत अडीच, आणि तेवढंच कमी भरलं. याहून चोख पुरावा कुठला द्यायचा?

मग पाया उलटा केला. खाली बारा व्होल्टची गिअर मोटर, खाचेतून वर गेलेला पट्टा, तो क्रँकला. पिस्टनला रिंग नाही, व्हॉल्व्ह जागेवर चिकटवलेले, स्पार्क प्लग शोभेचा. वर लिस्टरचा हिरवा रंग. बटन दाबलं की फ्लायव्हील सुरेख फिरायचं.

मी कमिटीसमोर आमचं इंजिन सुरू केलं. फ्लायव्हीलवर दोरी टाकून दुसऱ्या टोकाला स्प्रिंग काटा लावला, दोरी ताणली, आरपीएम उतरले, थ्रॉटल दिला, पुन्हा चढले. विद्यार्थ्यांना ब्रेक हॉर्सपॉवर काढायला हेच तर शिकवायचं असतं. सायलेन्सरवर हात ठेवून गरम लागतो का बघा म्हणालो. एका प्राध्यापकांनी ठेवलाही. पण टेंडरच्या कागदात 'वर्किंग मॉडेल' एवढंच लिहिलेलं होतं आणि दुसरं मॉडेल फिरत होतं. दोन्ही अटीत बसली, एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी भाव, त्यांचा, ऑर्डर त्यांना. बाहेर आल्यावर तेच प्राध्यापक मला म्हणाले, "तुमचं चांगलं आहे हो, पण आमचे हात बांधलेले आहेत."

एक ऑर्डर गेली असती तर मी इथं लिहिलं नसतं. पण पुढच्या दोन-तीन वर्षांत तोच कागद, तीच अट, तोच निकाल ठिकठिकाणी होत गेला. वकिलांकडे गेलो. डिझाइन कायद्याखाली नोंदणी करायची तर रूप नवं लागतं आणि तेही बाजारात येण्याआधी. आमच्या इंजिनाचं रूप लिस्टरचं, ऐंशी वर्षं जुनं. तिथं काही हाताला लागलं नाही. राग एकाच गोष्टीचा आहे आणि तो आजही गेलेला नाही. कॉपी करायचीच होती तर चालणारं इंजिन कॉपी करायचं होतं. शेकडो मुलांनी ती फिरणारी खेळणी पाहून जर्नल लिहिली. ज्या पोरानं रिंगशिवायचा पिस्टन इंजिन म्हणून पाहिला, त्याला कॉम्प्रेशन म्हणजे काय ते कसं कळावं? तुम्ही कॉलेजात खरेदीच्या कमिटीवर असाल तर स्पेसिफिकेशनमध्ये एक ओळ वाढवा : 'स्वतःच्या इंधनावर चालले पाहिजे आणि ब्रेक लोड घेतला पाहिजे.' त्या ओळीला पैसे लागत नाहीत.

२०१६ च्या सुरुवातीला ओतून ठेवलेली कास्टिंगं पडवीत पडून होती आणि फाउंड्रीचं बिल थकलं होतं. एमवनटीआर मिरजेच्या एका जॉबवाल्याला विकलं. लेथच्या क्रॉस स्लाइडवर व्हर्टिकल स्लाइड बसवून की-वे आणि खाचा तिथेच मारायला लागलो. वेळ दुप्पट लागतो, पण माप येतं. आजही तसंच करतो. त्याच वर्षी मिस्त्रीमामा गेले. पॅटर्नचं कपाट त्यांनी आधीच आमच्या माळ्यावर आणून ठेवलं होतं.

धंदा वाचला तो एका गिऱ्हाइकामुळे. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झालेले एक काका. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज मिरजेपासून लातूरपर्यंत जायची. तिची इंजिनं ज्या वर्कशॉपमध्ये उघडली जायची, तिथले ते फिटर. आमचं पहिलं वाफेचं छोटं इंजिन त्यांनीच घेतलं होतं. येताना स्वतःचं मायक्रोमीटर घेऊन यायचे, लाकडी पेटीत, मखमलीत. इंजिन चालू केलं की लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्रँककेसवर आणि मूठ कानाला. डोळे मिटून ऐकायचे आणि सांगायचे, "मागचं बेअरिंग घट्ट आहे बघा." उघडून पाहिलं की तसंच निघायचं.

पडवीतली कास्टिंगं पाहून ते म्हणाले, "अहो, तयार इंजिन कशाला विकता? मला हे असंच द्या. कास्टिंग द्या, ड्रॉइंग द्या. करतो मी घरी." पूर्ण पैसे आधी मोजले, पावतीही मागितली नाही. त्यांचं इंजिन चालू झालं तेव्हा त्यांनी ओळखीच्या रेल्वेवाल्यांना, साखर कारखान्यातल्या निवृत्त फिटरांना पत्रं लिहिली. हळूहळू कच्चे संच जायला लागले. इंग्लंडात स्टुअर्ट टर्नर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच असे कास्टिंगचे संच विकायला घेतले होते. आपल्याकडे घरी लेथ असलेली माणसं कमी नाहीत, त्यांना संच देणारं कोणी नव्हतं. २०१७ पासून आमचा मुख्य धंदा तोच आहे. टेंडर आम्ही भरत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा लेथ पाण्याखाली होता. २०२१ ला पुन्हा पाणी आलं. दोन्ही वेळा हेडस्टॉक उघडला, गाळ काढला, रॉकेलनं धुतलं, बेडवर तेल फिरवलं. पॅटर्न माळ्यावर कोरडे होते. नदीबद्दल माझी तक्रार नाही.

आता लिस्टरच्या संचात एफजी २६० ग्रेडच्या बिडाचं सिलेंडर, दोन फ्लायव्हील, पाया, गनमेटलची बेअरिंगं आणि सात पानी ड्रॉइंग असतं. रिंगेसाठी नळी देतो, रिंग देत नाही. ती स्वतःच करावी. वाफेच्या इंजिनाबरोबर बॉयलर मागतात. तो आम्ही बनवत नाही आणि कोणाला घरी बनवायचा सल्लाही देत नाही. दहा लिटरचा बॉयलर फुटला तरी माणूस जातो. कॉम्प्रेसरच्या एक किलो प्रेशरवर इंजिन छान चालतं, त्यावरच चालवा.

काकांच्या आग्रहानं आता दोन सिलेंडरच्या उभ्या वाफेच्या इंजिनाचे पॅटर्न चालू आहेत. मामांच्या पुतण्यानं सागवान घेतलं आहे, पहिली ओतणी दिवाळीनंतर. ज्यांना संच हवा असेल त्यांनी आपल्या लेथची सेंटर हाइट (बेडपासून सेंटरची उंची) आणि गॅप (बेडमधली खाच) आधी मोजून कळवावी. १५० चं फ्लायव्हील फिरायला ऐंशी मिलिमीटरच्या वर सेंटर हाइट लागते. नसेल तर सांगा, फ्लायव्हील इथून टर्न करून पाठवू.