मऊ दिसतेय

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, आणि विचारणारे तुम्ही एकटे नाही म्हणूनही. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, मुलाच्या शाळेच्या फाटकाशी तोच प्रश्न येतो : "तुम्ही सोनोग्राफीवर संशोधन करता ना? मग सोनोग्राफीत स्तनाचा कॅन्सर कळतो की नाही? एका शब्दात सांगा." मी डॉक्टर नाही, फिजिक्सवाली आहे, हे सांगून झालंय. त्यावर "म्हणजे मशीन रिपेअर?" हेही ऐकून झालंय.

एका शब्दात मला जमत नाही. मागे एकदा दोन शब्दांत सांगितलं होतं, त्याचंच अजून निस्तरतेय.

मशीनला गाठ दिसत नसते. आवाज आत जातो, आदळून परत येतो, आणि यायला किती वेळ लागला त्यावरून मशीन अंतर ठरवतं. त्यासाठी ते धरून चालतं की शरीरात आवाज सेकंदाला १५४० मीटर जातो. चरबीत तो १४५० च्या आसपास जातो, आणि स्तनात चरबी किती असते हे काय सांगायला हवं? म्हणजे चित्र काढायच्या आधीच थोडी तडजोड झालेली असते. ती चालते, कारण बहुतेक वेळा तिच्यानं फारसं बिघडत नाही.

माझं काम त्या चित्रावर नाही, कडकपणावर आहे. कॅन्सरची गाठ हाताला कडक लागते हे डॉक्टरांच्या बोटांना पूर्वापार माहीत आहे. बोटांना हसू नका. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १९९८ साली मुंबईत एक अभ्यास सुरू केला. त्यात दीड लाख बायका होत्या, आणि त्यांतल्या निम्म्या जणींचे स्तन शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी तपासत. २०२१ साली निष्कर्ष छापून आले. तपासलेल्या बायकांत कॅन्सर आधीच्या टप्प्यावर सापडले होते. पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. सगळ्या वयांचं एकत्र पाहिलं तर मात्र फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. तेव्हा बोटांनाही एका शब्दात उत्तर देता आलेलं नाही.

बोटांचं हे काम मशीनला शिकवायची कल्पना १९९१ मध्ये जोनाथन ओफिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत मांडली. आम्ही वापरतो ती तऱ्हा नंतरची. आवाजाचाच एक जोरकस झोत आत एका जागी मारायचा, तिथलं मांस केसाच्या जाडीपेक्षाही कमी हलतं, आणि तिथून एक आडवी लाट निघते. ती फार सावकाश जाते, सेकंदाला एक ते दहा मीटर. सेकंदाला हजारो चित्रं घेऊन मशीन तिचा पाठलाग करतं. कडक जागी लाट पळते, मऊ जागी रेंगाळते. मग रंग : आमच्या मशीनवर निळा म्हणजे मऊ, लाल म्हणजे कडक. (काही मशीनवर नेमकं उलटं असतं. यावर मी फार बोलत नाही, बोलायला लागले की थांबत नाही.)

पीएचडीची सगळी वर्षं मी आगरच्या गाठी करत बसले. आगर म्हणजे आपलं चायना ग्रास. पातेल्यात उकळायचं, ग्रॅफाइटची पूड घालायची, साच्यात ओतायचं, आत एक जास्त घट्ट गोळा बसवायचा. खोलीच्या दारावर मात्र 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी, कारण मशीन सोनोग्राफीचं, त्याची नोंदणी कायद्यानं करावीच लागते. आत गर्भ नाही, पेशंट नाही, नुसतं चायना ग्रास. माझे गोळे दर वेळी लालभडक उमटायचे. का नाही उमटणार? ते कडक मीच केले होते.

आता आत्याचं सांगते.

आत्या कराडला असते. तेव्हा ६७ वर्षांची होती. आंघोळ करताना हाताला गाठ लागली, तिनं सोनोग्राफी केली आणि रिपोर्टचे फोटो मला पाठवले. रात्रीची वेळ, गॅसवर दूध, माझं अर्धं लक्ष तिकडे. रिपोर्टात गाठ १४ मिलिमीटर, वर्ग ४ए, बायोप्सी करून घ्यावी, असं स्वच्छ लिहिलं होतं. ४ए म्हणजे कॅन्सर निघण्याची शक्यता दोन ते दहा टक्के. हे मला पाठ आहे. म्हणजे शंभरातल्या निदान नव्वदजणींना बायोप्सीची सुई फुकटच टोचली जाणार. आमचं संशोधन मुळात त्या नव्वदजणींसाठीच तर आहे!

तिचा फोन आला. "करायलाच हवी का गं? सुई लागली की पसरतं म्हणतात."

"पसरत नाही, आत्या. काहीतरीच." मी रंगीत फोटो मोठा करून पाहिला. निळा. सगळा निळा. "मऊ दिसतेय," मी म्हणाले.

एवढंच. थांब म्हटलं नाही, करू नको म्हटलं नाही. हे मी स्वतःला इतक्यांदा ऐकवलंय की आता ते वकिलानं पढवल्यासारखं वाटतं. आत्यानं ऐकलं ते असं, की पुण्याची भाची म्हणाली, साधी गाठ आहे. तिनं सुई टाळली. आठ महिन्यांनी गाठ १९ मिलिमीटरची झाली, आणि तेव्हा बायोप्सी झाली. म्युसिनस कार्सिनोमा. या कॅन्सरमध्ये पेशी बुळबुळीत द्रवात तरंगत असतात, म्हणून गाठ मऊ लागते. बोटांनाही मऊ आणि लाटेलाही मऊ. मशीन चुकलं नव्हतं. मऊ होतीच ती.

रिपोर्ट आला त्या रात्री मी माझा प्रबंध काढला. दुसऱ्या प्रकरणात माझंच वाक्य आहे : म्युसिनससारख्या काही गाठी मऊ असू शकतात. वाक्य लिहिणारी मीच, दुधाकडे बघत फोनवर बोलणारीही मीच. तिला आज विचारलं तर ती म्हणेल, शंभरात फार तर दहा, त्यातला हा प्रकार आणखी विरळा, मी काय चुकीचं बोलले? तिला देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नाही. आकडे तिच्या बाजूनं आहेत.

आतेभाऊ एकदाच बोलला. "ताई, तू नको म्हणाली नाहीस. पण कर असंही म्हणाली नाहीस."

ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. आत्या बरी आहे. तो प्रकार सावकाश वाढणारा, आठ महिन्यांनी फार फरक पडला नसावा, असं तिचे डॉक्टर म्हणाले. त्यांच्या त्या 'नसावा'वर मी कधी झोपते, कधी झोपत नाही. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जातेच. आता मऊ गोळेही करते, आणि ते शेजारच्या आगरपासून वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून आमचे आलेख पूर्वीइतके देखणे येत नाहीत.

आत्याला मात्र याचं काही वाटत नाही. शेजारणींचे, भिशीतल्या बायकांचे रिपोर्ट ती मला अजून पाठवते. परवा एक आला, खाली लिहिलेलं : "हिचं बघ गं, लाल आहे का निळं." मी लिहिलं, "डॉक्टरांनी खाली जे लिहिलंय ते करायला सांग."

लगेच उत्तर आलं : "ते मलाही वाचता येतंय. तुला काय दिसतंय ते सांग."