मोहरीची उशी

लेक आठव्या महिन्यात बाळंतपणाला सांगलीला आली, त्याच आठवड्यात मी मोहरीची उशी शिवायला घेतली. आईची जुनी मलमलची साडी तेवढ्यासाठीच जपून ठेवलेली. अर्धा किलो बारीक मोहरी आणली, खडे निवडले, दोन दिवस गच्चीत उन्हं दाखवली. एकही दाणा निसटू नये म्हणून टाके इतके दाट घातले की बोटांची चाळण झाली. एका कोपऱ्यात लाल दोऱ्याने चिमणी काढली. ती बदकासारखी दिसते असं जावई म्हणाले, पण त्यांना भरतकामातलं काय कळतंय!

बाळाचं डोकं गोल यायचं तर ते मोहरीवरच, हे मी सासूबाईंकडून ऐकलेलं. डोकं म्हणजे ओलं मडकं, काय घडवायचं ते सव्वा महिन्यात घडवा, असं त्या म्हणायच्या. माझी दोन्ही मुलं त्याच शिकवणीवर झोपली. दोघांची डोकी गोल आहेत. आत काय आहे हा वेगळा विषय.

नातीच्या पहिल्या तपासणीला बालरोगतज्ज्ञांनी विचारलं, "बाळाला झोपवता कसं?" मी पिशवीतून उशी काढून टेबलावर ठेवली. डॉक्टर माझ्या लेकीच्याच वयाच्या. त्यांनी उशी हातात घेतली, टाक्यांचं कौतुक केलं आणि म्हणाल्या, "आजी, फार सुंदर झालीय. पण वापरू नका."

मग 'नको'ची यादी सुरू झाली. वर्षभर उशी नको. दुलई नको, गोधडी नको, अंग रुतेल अशी कापसाची गादी नको, कडेला लोड नकोत, शेजारी कापडी ससा नको. सपाट आणि टणक गादी, त्यावर ताणून बसवलेली चादर, त्या चादरीवर उताणं बाळ. बस्स.

"म्हणजे मुंजीतल्या बटूलाही याहून जास्त सामान मिळतं," मी म्हणाले. लेकीने टेबलाखालून माझा पाय दाबला.

पण डॉक्टर समजावणाऱ्या होत्या. डोक्याखाली उशी आली की हनुवटी छातीवर टेकते आणि मुळात बारीक असलेली श्वासनलिका आणखी चेपते. तोंड मऊ कापडात रुतलं तर ते बाजूला करायची ताकद बाळाच्या मानेत नसते. आणि सतत उताणं ठेवून डोकं मागून चपटं व्हायला लागलं, तर बाळ जागं असताना, आपण समोर बसून, दिवसातून चार वेळा थोडं थोडं पालथं घालायचं. झोपवताना कधी या बाजूला मान, कधी त्या बाजूला. बहुतेक डोकी आपली आपण गोल होतात म्हणे. पुन्हा मोहरीचा अपमान.

"पण उताणं झोपून दूध ओकलं तर? नाकातोंडात जाईल की." हा माझा राखून ठेवलेला प्रश्न. त्यांनी चिठ्ठीच्या मागे पेनाने दोन नळ्या काढल्या. बाळ उताणं असताना श्वासाची नळी वर असते, अन्नाची खाली. वर आलेलं दूध खालच्या नळीत परत जातं, वरच्या नळीत शिरायला त्याला चढ चढावा लागतो. पालथं घातलं की नळ्यांची जागा उलटी. ते चित्र मी अजून फ्रिजवर लावून ठेवलंय. दुधवाल्याचा हिशोब त्याच्याखाली गेला.

गंमत अशी की तिकडे पाश्चात्त्य देशांत कितीतरी वर्षं डॉक्टरच बाळांना पालथं झोपवायला सांगत होते. धडधाकट बाळं झोपेत अचानक जातात त्याचा आणि पालथ्या झोपेचा संबंध लक्षात आला, तेव्हा 1991 मध्ये ब्रिटनने आणि 1994 मध्ये अमेरिकेने बाळांना पाठीवर झोपवण्याच्या मोहिमा काढल्या, आणि असे मृत्यू निम्म्याहून खाली आले. हे लेकीने मला फोनवर वाचून दाखवलं. मी म्हटलं, आमच्याकडे तान्हं बाळ पाळण्यात पालथं घातलेलं कुणी बघितलंय का? निदान एक गुण आम्हाला द्या. तिने दिला. पण छताच्या कडीला साडीची झोळी बांधायचा माझा बेत ऐकून लगेच काढूनही घेतला. झोळीत बाळाचा धनुष्यासारखा बाक होतो, पुन्हा हनुवटी छातीला.

टोपडं-मोज्यांवरून दोन दिवस अबोला होता. मे महिन्यातली सांगली, आणि मी बाळाला कुंची बांधलेली. लेकीने काढली, मी बांधली, तिने काढली. हातपाय गार लागतात, हे माझं म्हणणं. हातपाय गारच असतात, मानेमागे हात लावून बघ, हे तिचं. बघितला तर मान घामाने चिंब. कुंची मुकाट्याने घडी करून ठेवली.

एवढं सगळं नीट केल्यावर बाळ झोपलं का? छे. तान्हं बाळ दिवसाचे चौदा ते सतरा तास झोपतं असं छापलेलं असतं, आणि ते खरंही आहे. फक्त ते तास किरकोळीत मिळतात. दोन तास इथे, पाऊण तास तिथे, आणि एकही आपल्या सोयीचा नाही. आमच्या बाईसाहेबांचा दिवस रात्री अकराला उजाडायचा. पोटात असताना आई दिवसभर चालते, तो झोका, आणि आई आडवी झाली की बाळाची जाग. तेच वेळापत्रक घेऊन ती बाहेर आलेली. रात्र आणि दिवस यांतला फरक कळायला त्यांना दोन-तीन महिने लागतात. तोवर आपण सकाळी पडदे उघडायचे, रात्री दिवा मंद ठेवायचा, दूध पाजताना गप्पा मारायच्या नाहीत. माझ्यासारखीला गप्पा न मारणं किती जड जातं हे मलाच माहीत.

रात्री तीनची पाळी माझी. ढेकर काढायला खांद्यावर घ्यायचं, गुणगुणत फेऱ्या मारायच्या. कॉट आईच्या पलंगाला लागूनच, म्हणजे खोली एक, अंथरूण वेगळं. खांद्यावर गाढ झोपलेलं बाळ गादीला पाठ टेकताच दोन्ही हात फेकून असं दचकायचं की जणू मी गच्चीवरून सोडलंय. मग युक्ती सापडली: आधी पाय टेकवायचे, मग बूड, मग पाठ, शेवटी डोकं, आणि छातीवरचा आपला हात उचलायची घाई करायची नाही.

एका रात्री फेऱ्या मारून कंबर गेली म्हणून बाळाला छातीशी धरून जरा सोफ्यावर टेकले. जाग आली तेव्हा लेक समोर उभी, बाळ तिच्या हातात. सोफ्याच्या फटीकडे माझा हात गेलेला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "आई, झोप येत असेल तर मला उठव. सोफ्यावर नको." त्यानंतर तीनच्या पाळीला मी सोफ्याच्या वाऱ्यालाही उभी राहिले नाही. उभ्याने पेंगायला शिकले.

आणि बाळ झोपलं, की मला झोप नाही. दर अर्ध्या तासाला कॉटपाशी. मंद दिव्यात, चष्मा लावून, वाकून. छाती भरभर खालीवर होते आहे, होते आहे, आणि थांबली. एक, दोन, तीन, मी मोजतेय, चार, पाच, माझाही श्वास अडकलेला, सहा, सात, आणि पुन्हा भरभर. तान्ह्या बाळांचा श्वास असाच लागतो, पाच-दहा सेकंद थांबला तर घाबरू नका, वीस सेकंद थांबला किंवा ओठ निळे पडले तर मात्र तडक या, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण वाकलेल्या माणसाला सातचा आकडा फार लांब असतो. सासूबाई पहाटे उठून माझ्या मुलांच्या नाकाशी बोट धरायच्या. मला तेव्हा राग यायचा, की माझ्यावर विश्वास नाही.

मग बाळ झोपेत हसायचं. ओठांचा एक कोपरा वर, पापण्यांखाली बुबुळं फिरतायत, लगेच रडवेला चेहरा, मग पुन्हा स्वच्छ. आमच्याकडे म्हणतात सटवाई हसवते, सटवाई रडवते. पाचवीच्या रात्री पूजेत कोरा कागद आणि पेन ठेवलं होतं ते तिच्याचसाठी. लेक म्हणते ही हलकी झोप, तान्ह्या बाळांची जवळजवळ निम्मी झोप अशीच चळवळी, म्हणून हललं की लगेच उचलू नकोस, ते झोपलेलंच असतं. हे मात्र मी शंभर टक्के मान्य केलं. कितीदा मी झोपलेलं बाळ उचलून जागं केलंय याचा हिशोब सटवाईकडे असेल.

उशी कपाटात पडून होती. परवा रात्री कंबर इतकी दुखायला लागली की शेकायला काहीतरी हवं होतं, आणि ती आठवली. तवा गरम केला, उशी ठेवली, आणि पेंगत ओट्याशी उभी राहिले. थोड्या वेळाने चिमणीच्या पोटातून तडतड, तडतड. स्वयंपाकघरभर खमंग वास. आतून लेकीचा दबका आवाज आला, "आई, रात्री बाराला फोडणी कशाला घालतेस?"

धावत जाऊन पाहिलं. बाळ ढिम्म. उताणं, दोन्ही हात डोक्याशी, मुठी अर्धवट उघड्या. आम्ही दोघी तोंडावर पदर-ओढणी धरून हसलो. मग मी स्वयंपाकघरातला दिवा घालवला, आणि त्या बटणाच्या टक् आवाजाला ती खडबडून जागी झाली.