अबार्थ पुंटो : मीटर ३८ हजार, पण रबराचं वय पूर्ण

शेवटी घेतलीच. २०१६ ची अबार्थ पुंटो, म्हणजे फियाटच्या पुंटोचीच जोरदार आवृत्ती, पांढरी, पुण्याचं पासिंग, मीटरवर ३८ हजार किलोमीटर. ऑक्टोबर २०१५ मध्ये ही गाडी ९.९५ लाखांना आली, तेव्हा दहा लाखांच्या आत १४५ बीएचपी देणारी हॅचबॅक आपल्याकडे दुसरी नव्हती. १.४ टी-जेट टर्बो पेट्रोल, २१२ एनएम टॉर्क, पाच गिअर, चारही चाकांना डिस्क. कार्लो अबार्थनं १९४९ मध्ये इटलीतल्या बोलोन्यात कंपनी काढली आणि स्वतःची वृश्चिक रास म्हणून विंचू चिन्हावर घेतला. आपली पुंटो मात्र रांजणगावच्या कारखान्यातली. नगर रस्त्यानं जाताना त्या एमआयडीसीवरून गेलो की मला आजही बरं वाटतं.

सगळ्यांनी आधी मीटरचं कौतुक केलं. "अरे, काहीच चालली नाहीये!" मला नेमकी त्याचीच काळजी होती. एवढ्या वर्षांत इतकी कमी चालली म्हणजे ती बराच काळ उभी होती. उभ्या गाडीचं इंजिन झिजत नाही, पण रबर वाळतं, ब्रेक ऑइल पाणी ओढतं, कूलंटमधली (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यातली) गंज रोखणारी द्रव्यं संपतात. म्हणून चमकवण्याचा सगळा खर्च मागे ठेवला आणि ज्याला तारीख आहे ते आधी बदलायला घेतलं.

पहिलं काम टायमिंग बेल्टचं, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणाऱ्या रबरी पट्ट्याचं. सर्व्हिसच्या कागदांत बेल्ट बदलल्याची नोंद कुठेच नव्हती. आधीचे मालक भला माणूस, त्यांना वाटलं किलोमीटर झाले नाहीत तर कशाला? टी-जेटमध्ये बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेड उतरवण्याशिवाय इलाज राहत नाही. कव्हर काढून बेल्ट हातात घेतला, तेव्हा वरून तो ठीकठाक दिसत होता. पण उलटा वाकवून उजेडात धरला तर दातांच्या मुळाशी केसासारख्या बारीक चिरा, आणि एका कडेला धागा सुटलेला. वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो. त्याच्या खालच्या छिद्राशी वाळलेल्या कूलंटचा गुलाबी ओघळ दिसला. बेल्ट, टेन्शनर, पंप हे तिन्ही एकदमच बदललं. यात पैसे वाचवायला जाऊ नका. मजुरी तीच, उघडावं लागतं तेवढंच.

ज्यांना हे काम करून घ्यायचं आहे त्यांच्यासाठी एक सूचना. या इंजिनात कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) पुलीला 'की', म्हणजे तिला एकाच जागी धरणारी खिट्टी, नसते, त्यामुळे कॅम लॉक करायचं टूल हवंच. "खुणा मारून बसवतो साहेब" म्हणणाऱ्या फिटरकडून नम्रपणे गाडी परत घ्यावी. टायमिंग थोडं जरी सरकलं तरी गाडी चालते, पण आळसटते, आणि मग लोक टर्बोला दोष देत बसतात. आमच्या फिटरकाकांकडे लिनिया टी-जेटच्या (हेच इंजिन असलेल्या फियाटच्या सेडानच्या) काळातलं टूल आहे. त्यांनी आधी क्रँक हातानं दोन फेरे फिरवला, पुन्हा टूल बसतंय का पाहिलं, आणि मगच कव्हर लावलं. असा माणूस मिळाला तर त्याला जपा.

कूलंटची वेगळी कथा. फियाटचं मूळ कूलंट लाल, ऑरगॅनिक प्रकारचं. कधीतरी कुठल्यातरी गॅरेजमध्ये कुणीतरी त्यात हिरवं टॉपअप केलं होतं, आणि बाटलीत चहाच्या रंगाचं पाणी तयार झालं होतं. डिस्टिल्ड वॉटरनं फ्लश, पुन्हा फ्लश, पाणी स्वच्छ निघेपर्यंत हेच. मग नवीन लाल कूलंट. थर्मोस्टॅटही त्याच वेळी बदलला.

ब्रेक ऑइलकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. डॉट ४ दर्जाचं ऑइल ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं. पाणी ओढलं की तीच मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. ताम्हिणी घाट उतरताना ब्रेक दाबून-दाबून डिस्क तापल्या की हा फरक पायाला कळतो, पेडल मऊ पडत जातं. माझ्या गाडीतलं ऑइल काळपट तपकिरी होतं. चारही कॅलिपर ब्लीड केले, म्हणजे जुनं ऑइल आणि हवा काढून नवीन भरलं. मागच्या एका कॅलिपरची स्लाइड पिन गंजून अडकली होती, ती साफ करून सिलिकॉन ग्रीस लावलं. त्या बाजूचं पॅड तिरकं झिजलं होतं, म्हणून मागचे पॅड नवीन टाकले. २ वर्षांनी पुन्हा ऑइल बदलायचं, गाडी चालो वा न चालो.

टायर दिसायला नव्यासारखे होते. खाच भरपूर शिल्लक. पण साइडवॉलवरचा चार आकडी कोड २३१६, म्हणजे २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेले, कंपनीतूनच आलेले. नखानं दाबलं तर दगड. कोरड्या रस्त्यावर वळणात शिट्टी मारायचे. पावसात अशा टायरवर १४५ घोडे पुढच्या चाकांना द्यायचे म्हणजे जिवाशी खेळ. १९५/५५ आर१६ हा साइज तसा सहज मिळतो. चारही बदलले आणि गाडीचा स्वभावच बदलला. स्टिअरिंग हायड्रॉलिक असल्यामुळे नव्या रबराचा फरक थेट तळहाताला जाणवतो. या एका गोष्टीसाठी तरी ही गाडी घ्यावी.

आता टर्बोचं. टेस्ट ड्राइव्हलाच लक्षात आलं होतं की तिसऱ्या गिअरमध्ये दाबलं की मधेच जोर ओसरतो आणि बोनेटखालून "फुस्स" ऐकू येतं. दोन ठिकाणी "टर्बो गेला" असं सांगितलं. गेला नव्हता. नळ्यांत धूर सोडून गळती शोधणारी स्मोक टेस्ट केली, तर इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) खालच्या होजच्या जोडातून धूर निघाला. होज आतून ऑइलच्या वाफेनं फुगलेला, क्लॅम्प ढिला. होज आणि क्लॅम्प बदलले, जोर जागेवर. टर्बो बदलायला कुणी सांगितलं तर आधी होज, क्लॅम्प आणि डायव्हर्टर व्हॉल्व्ह (टर्बोचा जादा दाब सोडणारी झडप) तपासा. ऑइल ५डब्ल्यू-४० फुली सिंथेटिक, दर साडेसात हजारांना किंवा वर्षाला, जे आधी होईल ते. आणि घाट चढून आल्यावर लगेच चावी फिरवू नका, अर्धा-एक मिनिट गाडी आयडलवर राहू द्या.

पार्टांबद्दल अनेक जण विचारतात. इंजिनाचे बरेचसे पार्ट लिनिया टी-जेटचे चालतात, बॉडीचे पुंटो इव्होचे. जीप कंपासचं १.४ पेट्रोलही याच घराण्यातलं, पण त्याला मल्टिएअर हेड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची वेगळी यंत्रणा आहे, त्यामुळे "कंपासचंच आहे, बसेल" असं दुकानदार म्हणाला तर पार्ट नंबर जुळवल्याशिवाय घेऊ नका. सस्पेन्शनमध्ये पुढच्या लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड बदलून झाले, स्पीडब्रेकरवरची टकटक थांबली. ग्राउंड क्लिअरन्स १५५ मिमी आहे, तेव्हा आपल्या सोसायटीचे गतिरोधक तिरकेच घ्यावे लागतात. रीमॅपबद्दल (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून जोर वाढवण्याबद्दल) विचारणाऱ्यांना एवढंच, सध्या नाही. क्लच जुना आहे आणि मला कंपनीनं बसवलेली गाडी आधी नीट समजून घ्यायची आहे.

पेट्रोलचा प्रश्न खरा आहे. २०१६ ची गाडी ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, धरून बनवलेली नाही. मी शक्यतो जास्त ऑक्टेनचं भरतो, इंधनाच्या नळ्यांचे रबर दर सर्व्हिसला बघतो, आणि महत्त्वाचं म्हणजे टाकीत पेट्रोल महिनोन् महिने पडू देत नाही.

आता दिसण्याकडे. इथे मला तुमची मतं हवी आहेत.

पेंटची जाडी मोजणारं यंत्र मित्राकडून आणलं. छत आणि बोनेट ११० ते १२५ मायक्रॉन, म्हणजे कंपनीचा रंग. डावं फेंडर २४० च्या आसपास, म्हणजे एकदा रंगवलेलं. मागच्या उजव्या दारावर आकडा एकदम ६०० च्या वर, खाली लांबी (खड्डा भरायची पुट्टी) आहे. दार उघडून बिजागरांचे बोल्ट बघितले, त्यांना पाना लागलेला नाही, चौकट सरळ. म्हणजे पार्किंगमधला ठोका, अपघात नव्हे. त्याला हात लावणार नाही.

क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण ४०-५० मायक्रॉनचाच असतो आणि दर कटिंगला त्यातला थोडा जातो. त्यामुळे "पूर्ण गाडी रबिंग-पॉलिश करून चकाचक करून देतो" या ऑफरला माझा ठाम नकार आहे. आयर्न रिमूव्हर मारला तेव्हा पांढऱ्या रंगावर जांभळे ओघळ उतरले. एवढी लोखंडी धूळ नुसत्या धुण्यानं जात नव्हती. मग क्ले बार (रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी), मग बारीक पॉलिशचा एकच हात. आरसा नाही झाला, पण पांढरा पांढरा दिसायला लागला. हेडलाइट पिवळे पडले होते. १०००, २०००, ३००० च्या पेपरनं पाणी मारत घासले, पॉलिश केलं आणि वरून यूव्ही कोटिंग दिलं. हा शेवटचा थर टाळला तर काही महिन्यांत पुन्हा पिवळेपणा येतो, कारण कंपनीनं दिलेला संरक्षक थर आपण घासून काढलेला असतो.

खरी अडचण लाल स्टिकरांची. सावलीकडची बाजू अजून लाल आहे, उन्हाकडची नारिंगी-गुलाबी झालीय आणि कडा फाटायला लागल्यात. हेअर ड्रायरनं गरम करून, मासेमारीची दोरी आत सरकवून ते निघतील. पण खालचा रंग इतकी वर्षं ऊन न लागलेला आहे, तिथे स्टिकरचा आकार उमटून राहणार. पांढऱ्यावर तो कमी दिसतो, दिसतो मात्र नक्की. म्हणजे नुसते काढणं हा पर्याय बाद. त्याच मापाचे नवीन लाल स्टिकर कापून घ्यायचे, की जुने आहेत तसे ठेवायचे? माझा कल पहिल्याकडे आहे, फक्त अट एक : माप, अक्षरं आणि लाल छटा मूळचीच हवी. काळं छत, कार्बनचे तुकडे वगैरे या गाडीला शोभत नाही असं माझं मत आहे. पूर्ण गाडीला फिल्म चिकटवून, म्हणजे रॅप करून, रंगच बदलायचा विचार असेल, तर आरसी बुकात नोंद करावी लागते हेही लक्षात असू द्या.

एका अलॉयला फुटपाथ घासल्याचा ओरखडा आहे. तो फक्त एका चाकाला भरून रंगवला तर छटा वेगळी दिसणार, चारही पावडर कोटिंगला दिली तर मूळ फिनिश जाणार. सध्या तसाच ठेवलाय.

कागदांचं थोडक्यात : फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, जुन्या कर्जाचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५, आणि विमा आपल्या नावावर १४ दिवसांच्या आत. नो क्लेम बोनस जुन्या मालकाबरोबर जातो, गाडीबरोबर नाही. हिशेब त्याप्रमाणे धरा. १ एप्रिल २०१९ आधीची गाडी म्हणून हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही लागली.

आता बाकी आहेत मागच्या ॲक्सलचे बुश, इंजिन माउंटिंग आणि त्यानंतर अलाइनमेंट. हे सगळं पावसाआधी उरकायचं आहे. पुण्यात किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये कुणी मूळ मापाचे अबार्थ स्टिकर नीट कापून घेतले असतील, तर साइड पॅनेलचा फोटो आणि आलेला खर्च दोन्ही कळवा. फोटो शक्यतो उन्हात काढलेला, म्हणजे लाल खरा कसा दिसतो ते समजेल.