लिव्हरपूलच्या मनोऱ्यात

आज लिव्हरपूल कॅथेड्रलच्या मनोऱ्यात घंटा वाजवल्या. पूर्ण वर्तुळात फिरणाऱ्या घंटांचा जगातला सर्वांत वजनदार संच हाच! 12 घंटा गोलाकार टांगलेल्या, त्यांतली सर्वांत मोठी सुमारे 4 टनांची. तिच्यापुढे ताकद चालत नाही. तोंड वर करून ती तोलावर आली की क्षणभर धरायची, मग दोर लांब, सलग ओढायचा. जास्त ओढलं तर ती तोलापलीकडे जाते, ‘स्टे’ म्हणजे अडवणारा लाकडी दांडा मोडतो आणि दोर सरसर वर खेचला जातो. तेव्हा दोर ताबडतोब सोडायचा. धरून ठेवला तर माणूसच उचलला जातो. घंटा वाजण्याचा क्रम फेरीगणिक बदलतो, तेव्हा एखादी घंटा त्या क्रमात दर फेरीला फार तर एकच जागा सरकते, कारण एवढं वजन त्याहून जास्त लवकर किंवा उशिरा वळवता येत नाही. पुढे सरकायचं तर तोलावर येण्याआधीच ओढायचं.