डोंगरावरून उतरत येणारे रंग

"पानं लाल झालीत का गं?" विमानतळावरून बाहेर पडता पडता आईने हेच आधी विचारलं. दरवर्षी मी तिला फोटो पाठवायचे आणि वाईच्या घरी ती ते शेजारपाजाऱ्यांना दाखवायची. २०२३ मध्ये ती पहिल्यांदा इकडे आली, तेव्हा ऑक्टोबरचा पहिला आठवडा चालू होता. आमच्या टोकियोतल्या निशी-कसाईत मात्र झाडं हिरवीगार. त्या वर्षीचा उन्हाळा जपानच्या तोवरच्या नोंदींमधला सगळ्यात कडक होता आणि तो जायचं नाव घेत नव्हता. आईचा व्हिसा नव्वद दिवसांचा. मला काळजीच वाटायला लागली.

इथे रंग उत्तरेकडून दक्षिणेकडे येतात, तसेच डोंगरमाथ्यावरून पायथ्याकडे येतात. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या दाइसेत्सुझान डोंगरांवर सप्टेंबरातच सुरुवात होते, टोकियोत पानं रंगायला नोव्हेंबरअखेर उजाडते. म्हणून आम्ही ठरवलं, रंग आपल्याकडे येईपर्यंत थांबायचं नाही, आपणच वर जायचं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी टोकियोच्या उत्तरेचं निक्को गाठलं. निक्को गाव अजून हिरवंच होतं, पण तिथून बसने चुझेंजी तळ्याकडे जाता येतं. तळ्याची उंची १२६९ मीटर, आपल्या महाबळेश्वरपेक्षा थोडी कमी. वर जायला इरोहाझाका नावाचा घाट आहे. चढायचा रस्ता वेगळा, उतरायचा वेगळा. "म्हणजे आपल्या खंबाटकीसारखं," आई लगेच म्हणाली. चढताना वीस वळणं, उतरताना अठ्ठावीस. एकूण अठ्ठेचाळीस, आणि दर वळणावर जुन्या जपानी वर्णक्रमातलं एकेक अक्षर पाटीवर लिहिलेलं. एरवी पाऊण तासाची वाट, त्या दिवशी अडीच तास लागले. पहिलीत जाणारी माझी लेक प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होती आणि आजी तिच्यामागून म्हणत होती: इ, रो, हा, नि, हो, हे, तो. बस जितकी हळू, तितकी अक्षरं पक्की होत गेली. खिडकीबाहेरचा हिरवा पोपटी झाला, मग पिवळा, मग नारिंगी. अर्ध्या घाटात आईने पिशवीतली शाल काढली.

तळ्याजवळचा केगोन धबधबा ९७ मीटरचा. खाली जायला खडकात खोदलेली लिफ्ट आहे, त्यामुळे गुडघ्यांचा प्रश्नच आला नाही. आई-वडिलांना घेऊन येणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते: इथे खूप काही गुडघे सांभाळून पाहता येतं, आधी चौकशी तेवढी करायची. चौकशी जेवणाचीही करायची. इथल्या बहुतेक रश्शांमध्ये माशाचा अर्क असतो, म्हणून आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. निक्कोची युबा, म्हणजे सोयाच्या दुधावरची साय, आईने नुसत्या मिठाबरोबर खाल्ली आणि तिला ती फार आवडली.

नोव्हेंबरात रंग खाली सरकले, तसे आम्हीही. २३ तारखेला इथे सुट्टी असते आणि त्या वर्षी त्याच दिवशी कार्तिकी एकादशी आली. ताकाओ डोंगर ५९९ मीटरचा, टोकियोतल्या शिंजुकू स्टेशनाहून गाडीने तासाभरावर. केबल कारला भली मोठी रांग होती, पण आईला पंढरपूरच्या रांगांची सवय आहे. चढ एका जागी ३१ अंशांचा आहे, जपानमधल्या केबल कारमध्ये सगळ्यात उभा. तिने माझा हात घट्ट धरला आणि डोळे मात्र उघडे ठेवले.

वर याकुओ-इन नावाचं देऊळ आहे, इसवी सन ७४४ मधलं. वाटेत रस्त्याला दोन फाटे फुटतात. एकाला म्हणतात पुरुषांचा चढ, त्याला १०८ पायऱ्या. दुसरा बायकांचा, लांबचा पण सोपा. "एकशे आठ? जपमाळेचे मणी!" म्हणत आई पायऱ्यांच्या तळाशी हात जोडून उभी राहिली आणि मग सोप्या वाटेने चालू लागली. दोन्ही वाटा वर जाऊन एक होतात. देवळाच्या आवारात मेपल असे लाल झाले होते, की पानांमागून ऊन आलं की माणसांचे चेहरेसुद्धा तांबूस दिसत होते. तिथेच बाजूला बसून आम्ही फराळ केला. घराजवळच्या सुपरमार्केटात गरम दगडांवर भाजलेली रताळी मिळतात, ती टॉवेलात गुंडाळून नेली होती. तूप नाही, गूळ नाही, तरी पुरणासारखी गोड. आई म्हणाली, अशी एकादशी आयुष्यात झाली नव्हती.

माझी सगळ्यात आवडती जागा मात्र शहरात आहे, मेइजी जिंगू गाइएन नावाच्या उद्यानातली गिंको वृक्षांची वाट. १४६ झाडं, तीनशे मीटरचा रस्ता. ती १९२३ मध्ये लावली, म्हणजे आम्ही गेलो तेव्हा शंभर वर्षं झाली होती. आओयामा रस्त्याकडची झाडं उंच, पुढची हळूहळू बुटकी, त्यामुळे वाट आहे त्याहून लांब भासते. पिकलेल्या फळांचा उग्र वास येतो, त्याची मनाची तयारी करून जावं.

मेपल लाल आणि ही पिवळी असं का, हे लेकीने शाळेत ऐकलं होतं. थंडीने हिरवा रंग विरतो आणि आत आधीपासून असलेला पिवळा दिसू लागतो. लाल मात्र पानात उरलेल्या साखरेपासून नव्याने तयार होतो. आई ऐकत ऐकत खाली वाकली आणि एक पान उचललं. मधोमध चिरलेलं, दोन पाकळ्यांचं.

"अगं, हा तर आपटा!"

आपट्याचा नि गिंकोचा काही संबंध नाही, पण पान हातात घेतलं की मराठी माणसाला दुसरं काही सुचणारच नाही. दसरा होऊन महिना उलटला होता, तरी आईने आम्हा सगळ्यांच्या हातावर एकेक पान ठेवलं, "सोनं घ्या." शेजारी फोटो काढत उभ्या असलेल्या जपानी आजी बघत होत्या. आईने त्यांनाही दिलं. त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं, वाकून नमस्कार केला आणि पर्समधल्या वहीत पान जपून ठेवलं. भाषा दोघींना एकमेकींची येत नव्हती.

डिसेंबरच्या सुरुवातीला रिकुगिएनला गेलो. १७०२ मध्ये पुरी झालेली बाग, तिकीट ३०० येन, पासष्टीपुढच्यांना निम्मं. तळ्याकाठी शेवटचे लाल मेपल होते, आणि पाईनच्या झाडांना मधल्या उंच खांबावरून सगळ्या फांद्यांपर्यंत दोऱ्या ताणलेल्या, उघडलेल्या छत्रीसारख्या. त्याला युकित्सुरी म्हणतात. बर्फाच्या भाराने फांद्या मोडू नयेत म्हणून ही सोय. कानाझावाच्या केनरोकुएन बागेत हे काम दरवर्षी १ नोव्हेंबरला सुरू होतं, तिथे बर्फ खरंच जड पडतो. टोकियोत क्वचितच.

"मग इथे कशाला बांधतात?" मी म्हटलं.

आई कितीतरी वेळ त्या गाठी निरखत राहिली. "पाऊस येवो न येवो, मिरगाआधी आपण घर शाकारतोच की," ती म्हणाली.

आता दर ऑक्टोबरात तिचा व्हिडिओ कॉल येतो. पानं लाल झाली का, असं ती विचारत नाही. "वरून निघाले का गं?" विचारते, आणि मी तिला चुझेंजीची बातमी देते.