‘जैन का?’ ‘नाही, पोट!’

हॉटेलात बसलो की मेन्यूकार्ड उघडायच्या आधीच मी सांगून टाकतो, "जैन करून द्या." शेजारच्या टेबलावर सोसायटीतलं कुणी असेल तर चमकून बघतं. रविवारी मटणाच्या रांगेत मी त्यांच्याच पुढे उभा असतो.

भानगड धर्माची नाही, पोटाची आहे. कितीतरी वर्षं मी तिखटाला शिव्या घातल्या. कल्याणहून फास्ट पकडायची आणि डोंबिवली गेली की पोटात कळ! लोकलला संडास नसतो, याचा अर्थ ज्याच्यावर वेळ आलीय त्यालाच विचारा. दुर्बीण घालून झाली. "सगळं नॉर्मल आहे, आयबीएस आहे," डॉक्टर म्हणाले. म्हणजे तपासणीत काही सापडत नाही, पण आतडं कुरकुरत राहतं. मग मी तिखट सोडून फुलके आणि कांदा-लसणाच्या फोडणीची मसूर खायला लागलो. फरक शून्य.

उलगडा झाला आईमुळे. तिचा चातुर्मास कडक. कांदेनवमीला शेवटची खेकडा भजी, आणि दोन दिवसांनी आषाढी एकादशीपासून कांदा-लसूण घराबाहेर. बायको कोल्हापूरची, तिचं कांदा-लसूण मसाल्याशिवाय पान हलत नाही. पण त्या वर्षी ती माहेरी अडकली आणि स्वयंपाकघर एकट्या आईच्या ताब्यात आलं. पातळ वरण, तूप-भात, दुधी, पडवळ, गोड्या मसाल्याची आमटी, ज्वारीची भाकरी. गणपती आले तेव्हा लक्षात आलं, पोट गप्प आहे. आणि भाज्यांत हिरवी मिरची तर रोज होती!

आहारतज्ज्ञ बाईंनी मग नीट सांगितलं. कांदा, लसूण, गहू यांत फ्रुक्टन नावाचं कर्बोदक असतं, ते कुणालाच पचत नाही. ते मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं, वायू होतो. इतरांना त्याचा पत्ता लागत नाही, आमच्यासारख्यांचं आतडं बोंब ठोकतं. कोणते पदार्थ असा त्रास देतात, याच्या याद्या मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने केल्या आहेत. काही आठवडे त्रासाचं सगळं बंद, मग एकेक पदार्थ परत आणून बघायचा. मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे फ्रुक्टन तेलात उतरत नाही. लसूण तेलात परतून पाकळ्या काढून टाकल्या की वास आपला, त्रास नाही. पातीच्या कांद्याची हिरवी पातही चालते. "कांद्याशिवाय रस्सा? काढा म्हणा की!" म्हणणारी बायको आता पाकळ्या मोजून बाहेर काढते.

बाहेर ‘जैन’ सांगण्याचा आणखी एक फायदा. पंजाबी भाज्यांची नावं दहा असली तरी कांद्याची ग्रेव्ही बहुतेक एकाच पातेल्यातली असते. जैन म्हटलं की आचाऱ्याला वेगळं काहीतरी करावं लागतं. जैन पावभाजीत बटाट्याऐवजी कच्चं केळं असतं, मला तर तीच जास्त आवडायला लागलीय (पाव अर्धाच). उडप्याकडे इडली, दहीभात, सांबार लांब. मिसळीत मात्र मटकी, कट, पाव, वरून कच्चा कांदा, म्हणजे सगळे आरोपी एकाच ताटलीत. साबुदाणा वड्यात कांदा नसतो, तरी तो पोटात दगडासारखा बसतो. का ते विचारू नका, माझ्या यादीतून तो गेला.

गेल्या महिन्यात सासुरवाडीला गेलो होतो. सासूबाईंनी पांढरा रस्सा पुढे केला. दोन वाट्या प्यायलो. परतीचं तिकीट आधीच एक दिवस पुढचं काढून ठेवलं होतं.